तिसरा नंबर

उभादांड्याला तुळसकरांच्या बंद घरात
दोन दिवस मी वायर ओढत होतो.
स्क्रू पितळेचे घेतले. लोखंडाचे इथे
दुसरा पावसाळा बघत नाहीत,
खारा वारा त्यांना चाटून चाटून संपवतो.

बहारीनहून, व्हिडिओ कॉलवर, ते विचारत होते,
हे चालतं तरी कसं?

म्हटलं, साहेब, दाराला लोहचुंबक,
चौकटीत काचेची नळी, भाताच्या दाण्याहून थोडी मोठी,
आत दोन पात्या.
दार लागलेलं असेतोवर त्या एकमेकींना टेकून असतात
आणि बारीकसा करंट घरभर फिरतो, रात्रभर,
आहे, आहे, आहे, म्हणत.
चोराला इथे कोणी धरत नाही.
फक्त हे 'आहे' तुटतं.
तुटलं की बोंब.

कोपऱ्यातला तो डोळा बघत नाही.
त्याला ऊब कळते, तीही हलती.
स्तब्ध उभे राहिलात तर विसरतो तुम्हाला.
मे महिन्यात भिंती अंगाइतक्या तापल्या
की त्याला माणूस काय नि भिंत काय
(हे मी त्यांना सांगितलं नाही).

दार उघडलं की तीस सेकंद मिळतात,
पिप पिप पिप,
तेवढ्यात चार आकडे दाबून पटवायचं
की आपण घरचेच.
वीज गेली तर बॅटरी आहे.
सायरनचं झाकण कोणी उचकटलं तरी तो ओरडतो,
स्वतःची राखणही त्यालाच करायची असते.

आणि सिमकार्ड तीन नंबर लावतं, ओळीने.
पहिला त्यांचा.
दुसरा पुण्याच्या भावाचा सांगायला लागले,
पाच आकड्यांवर थांबले,
मग मुलीचा दिला, टोरोंटोचा.
तिसऱ्याला इतका वेळ गप्प
की मला वाटलं रेंज गेली.
'तुझाच घाल, सगुण.'

कार्तिकात, रात्री दोन सत्तेचाळीसला
माझा फोन वाजला.
म्हणजे बहारीनला वाजून वाजून थांबला असणार,
टोरोंटोला दुपार, कामाची वेळ.
उचलला तर पलीकडे मीच:
'तुळसकरांच्या घरात कोणीतरी शिरलंय.
तुळसकरांच्या घरात कोणीतरी शिरलंय.'
बसवताना निरोप माझ्याच आवाजात भरला होता.
तेव्हा मागे कोंबडा आरवलेला, तोही आरवला.

कुडाळहून स्कूटरने पाऊण तास.
सायरन दमायचा, पुन्हा उठायचा,
गाव लागायच्या आधीच ऐकू आला.
गडग्यापाशी द्रौपदी केळुसकर टॉर्च घेऊन उभी,
'कधीपासून बोंबालता हा!
आमका वाटला, तूच टेस करतस.'

कुलूप काढलं. आकडे दाबले.
एवढी शांतता झाली की फ्रिज नसलेल्या घरात
समुद्र ऐकू यायला लागला.
पॅनेल म्हणत होतं: झोन चार, पोटमाळा.

शिडी लावली.
एक कौल सरकलेलं, त्यातून चांदणं,
खाली टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कुरतडून
कोणीतरी बिछाना केलेला.
काळी लांब शेपटी. दोन डोळे.
पोटाखाली तीन गोळे, अजून न उघडलेले.
मी हललो नाही. ती हलली नाही.
कोपऱ्यातला लाल दिवा
एकदा लुकलुकला आणि विझला,
आम्हा पाचही जणांना विसरून.

सकाळी फोन आला.
'चोर होता का?'
'होता. कांडेचोर.'
खूप हसले. खोकला येईपर्यंत हसले.
मग एकदम, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मालवणीत,
'पिल्लां कितकी रे?'
'तीन.'
पुढे काही बोलले नाहीत. मीही फोन ठेवला नाही.
बिल त्यांचंच चढत होतं.

कौल मी बसवलेलं नाही.
झोन चार वगळून ठेवलाय.
पॅनेलवर त्याचा एक पिवळा ठिपका दिसतो,
बाकी सगळं घर
आहे, आहे, म्हणत असतं.